दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: तक्ता करतानाच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. ३ तास.

काम साधं वाटतंय. प्रवासी कचेरीच्या काउंटरवर लावायला एक तक्ता हवा: आडवे-उभे १५ विमानतळ, प्रत्येक चौकोनात दोघांमधलं हवाई अंतर आणि गेट ते गेट लागणारा वेळ. महाराष्ट्रातले सात (मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, शिर्डी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर), गोव्यातले दोन, शिवाय दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू, कोलकाता, दुबई आणि लंडन हीथ्रो. एकूण १०५ जोड्या. हिवाळी वेळापत्रक २६ ऑक्टोबरला लागू झालं आणि ते २८ मार्चपर्यंत चालेल, म्हणून आत्ताच करायचं ठरलं.

साधन म्हणजे फुकटची ऑनलाइन स्प्रेडशीट. पंधराच विमानतळ असल्यामुळे अक्षांश-रेखांश हातानेच भरले.

अंतरासाठी हॅवरसाइन सूत्र वापरलं (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर देणारं):

अ = साइन²(अक्षांशांतला फरक ÷ २) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × साइन²(रेखांशांतला फरक ÷ २)

अंतर = २ × ६३७१ × आर्कसाइन(√अ)

६३७१ किमी ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या. सगळे कोन आधी रेडियनमध्ये बदलून घ्यायचे, नाहीतर पत्रक तक्रार न करता काहीही आकडा देतं.

पहिलं उत्तर आलं: मुंबई-दिल्ली १८,८८४ किमी. कारण शोधायला पाऊण तास गेला. प्रोग्रॅमिंगच्या उदाहरणांत हे सूत्र आर्कसाइनऐवजी एटॅन-टू या, दोन बाजूंवरून कोन काढणाऱ्या, फंक्शनने लिहिलेलं असतं, आणि आम्ही ते तसंच उचललं होतं. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत एटॅन-टूला आधी उभी बाजू द्यायची, मग आडवी. स्प्रेडशीटमध्ये बरोबर उलट. क्रम चुकला की खऱ्या अंतराऐवजी पृथ्वीच्या अर्ध्या परिघातून ते अंतर वजा होऊन मिळतं. अर्धा परीघ २०,०१५ किमी. त्यातून १८,८८४ गेले की उरतात १,१३१. आर्कसाइन घातलं आणि १,१३१ मिळाले. आकडा पटण्यासारखा, म्हणून पुढे गेलो.

(नंतरची भर: १,१३१ चूक आहे. १५ तारखेची नोंद पाहा.)

२ नोव्हेंबर, रविवार. अडीच तास.

पडताळणीसाठी विमानतळांची एक तयार खुली फाइल उतरवली आणि शहराच्या नावाने आमच्या यादीशी जोडली. नावाने जोडू नका. पुणे-हैदराबाद अंतर ९४० किमीच्या आसपास निघालं, असायला हवं ५००. सिंधमध्येही हैदराबाद आहे, तिथेही विमानतळ आहे, आणि फाइलमध्ये तो आधी सापडला. ‘गोवा’ नावाखाली दाबोळी आणि मोपा दोन्ही येतात. मोपा दाबोळीच्या उत्तरेला साधारण ४० किमी, त्यामुळे मुंबईहून तो तेवढाच जवळ. संभाजीनगर तर सापडेचना, कारण फाइलमध्ये जुनं नाव. शहराचं नाव बदललं तरी विमानतळाचा तीन अक्षरी कोड आयएक्सयू हाच राहिला आहे.

म्हणून जोडणी कोडवरून केली. दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. पण कोडही डोळे झाकून घेण्यासारखे नाहीत. हैदराबादचा एचवायडी आणि बेंगळुरूचा बीएलआर हे दोन्ही कोड २००८ साली जुन्या विमानतळांवरून नव्यांकडे गेले: बेगमपेटहून शमशाबादला, एचएएलहून देवनहळ्ळीला. आम्हाला मिळालेल्या एका जुन्या यादीत कोड तेच, पण ठिकाणं २००८ आधीची. हैदराबादला चोवीस किमीचा फरक, बेंगळुरूला अठ्ठावीसचा. चार अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड मात्र जागेसोबत बदलतो. शमशाबाद व्हीओएचएस, बेगमपेट व्हीओएचवाय. खात्री करायची तर त्यावरून करा.

नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं, पण तिथून प्रवासी विमानं तेव्हा अजून सुटत नव्हती. एक ओळ मोकळी ठेवली.

८ नोव्हेंबर, शनिवार. ५ तास, त्यातले ४ वाया.

पंधराही ठिकाणं नकाशावर टाकून पाहिली. पहिल्या फटक्यात मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात आणि दिल्ली उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांच्या बाजूला. नकाशाची फाइल आधी रेखांश मागते, मग अक्षांश. आम्ही उलट दिले होते. ही चूक नकाशावर लगेच दिसते. नुसत्या आकड्यांत दिसली नसती, कारण उलटापालट केली तर मुंबई-दिल्ली साडेपाचशे किमीच्या आसपास येतं आणि एखाद्याला तेही खपून जाईल. क्रम सुधारल्यावर सगळ्या टाचण्या नकाशावर आपापल्या जागी दिसल्या. समाधान मानलं. तेव्हाच नकाशा मोठा करून बघितला असता तर पुढचे चार तास वाचले असते.

वाया गेलेले चार तास असे. मुंबई-दिल्लीचं अंतर बाहेर बहुतेक ठिकाणी ११३५ ते ११४० किमीच्या दरम्यान सापडतं. आमचं ११३१. वाटलं, पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे चपटी आहे, त्याचाच हा फरक असणार. म्हणून गोलाचं सूत्र काढून लंबगोलाचं बसवलं. जीपीएस वापरतं तोच आकार: विषुववृत्ताशी त्रिज्या ६३७८.१३७ किमी, ध्रुवाशी ६३५६.७५२. या सूत्राला आवर्तनं लागतात, म्हणजे आलेलं उत्तर पुन्हा पुन्हा त्यातच घालावं लागतं, ती स्प्रेडशीटच्या चौकटीत बसवायला फार खटपट झाली. उत्तर आलं ११२८. म्हणजे फरक मिटण्याऐवजी वाढला.

तिथेच थांबून विचार करायला हवा होता. आमच्या अक्षांशांवर उत्तर-दक्षिण अंतर लंबगोलावर थोडं कमीच भरतं, पूर्व-पश्चिम थोडं जास्त. मुंबई-दिल्ली बरीचशी उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे लंबगोलाने आकडा खालीच जाणार. बाहेरचा आकडा मात्र आमच्यापेक्षा वर होता. चूक सूत्रात नव्हतीच. आम्ही ‘असेल काहीतरी’ म्हणून पुन्हा गोलाच्या सूत्रावर आलो.

गोल की लंबगोल, याचं व्यवहारी उत्तर: योग्य ठिकाणं भरली की मुंबई-दिल्ली गोलावर ११३९, लंबगोलावर ११३५. मुंबई-कोलकाता उलट दोनेक किमीने वाढतं. जेट विमानाला चार किमी म्हणजे पंधरा-सतरा सेकंद. काउंटरवरच्या तक्त्यासाठी गोल पुरे. ज्यांना अचूकच हवं त्यांनी पायथनमधलं तयार भूमितीचं पॅकेज वापरावं, सूत्र हाताने बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

९ नोव्हेंबर, रविवार. ३ तास. ४८० रुपये.

अंतराचा तक्ता झाला म्हणून दोन रंगीत ए-३ प्रती काढून लॅमिनेट करून घेतल्या. ४८० रुपये. (दोन्ही रद्दीत गेल्या.)

वेळेला हात घातला. मध्यम पल्ल्याचं जेट, आपल्याकडे देशांतर्गत दिसतं तसं, ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातं. ३५,००० फुटांवर तो वेग ताशी सुमारे ८३० किमी, म्हणजे ४५० नॉट. आम्ही अंतराला वेगाने भागलं आणि मुंबई-दिल्लीसाठी २.५१ तास मिळाले, म्हणजे २ तास ३१ मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोनच्या आसपास असतात. पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालायचंच, असं म्हणून आम्ही पुढे निघालो होतो.

कोलकात्याला अडकलो. पावणेचार तासांच्या घरात आकडा, प्रत्यक्षात पावणेतीन ते तीन. लंडन तर सोळा तास! वेगाच्या चौकोनात ४५० लिहिलं होतं आणि अंतर किलोमीटरमध्ये होतं. नॉट म्हणजे ताशी सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किमीचा. चुकीच्या एककाने मुंबई-दिल्लीचं उत्तर नेमकं खऱ्याजवळ आलं होतं. आकडा पटतोय म्हणजे तो बरोबर आहे असं नाही.

८३० घातल्यावर मुंबई-दिल्ली १.३६ तास. हा आकडा वाचताना पुन्हा गोंधळ: १.३६ म्हणजे एक तास छत्तीस नव्हे, एक तास बावीस मिनिटं. दशांशातला तास तक्त्यात ठेवूच नका. सव्वादोन म्हणजे २.२५ हे आपल्याला तोंडी बरोबर कळतं, छापलेलं २.२५ मात्र लोक दोन तास पंचवीस वाचतात. तासाला २४ ने भागून चौकोनाला तास-मिनिटांचं रूप दिलं.

तर हिशेबाने १ तास २२, वेळापत्रकात २ तास १५. मधली जवळजवळ पन्नास-पंचावन्न मिनिटं कुठे जातात हे पुढच्या वेळी.

१५ नोव्हेंबर, शनिवार. ४ तास.

चूक सापडली. शोधायला निघालो होतो दुसरंच, जवळच्या जोड्या तपासत होतो. मुंबई-पुणे हवाई अंतर १३४ किमी दाखवत होतं. नकाशावर मोजपट्टी लावली तर १२४. लांबच्या जोडीत आठ-दहा किमी लपतात, सव्वाशेच्या जोडीत लपत नाहीत. मग मुंबईची टाचणी मोठी करून पाहिली. ती सांताक्रूझला नव्हतीच. किनाऱ्यापलीकडे, अरबी समुद्रात, विमानतळापासून सुमारे ३७ किमी पश्चिमेला.

विमानतळांची अधिकृत ठिकाणं अंश, कला, विकला अशी छापतात. मुंबई १९°०५′१९″ उत्तर, ७२°५२′०५″ पूर्व. आम्ही ते १९.०५१९ आणि ७२.५२०५ असं भरलं होतं. साठ कलांचा एक अंश होतो, शंभरांचा नव्हे. बरोबर रूपांतर असं:

अंश + कला ÷ ६० + विकला ÷ ३६००

मुंबई १९.०८८६, ७२.८६८१. दिल्ली २८°३४′०७″, ७७°०६′४४″, म्हणजे २८.५६८६, ७७.११२२. आम्ही दिल्लीला लिहिलं होतं २८.३४०७ आणि ७७.०६४४. दिल्ली दक्षिणेला सरकली, मुंबई पश्चिमेला. उत्तर-दक्षिण अंतर कमी झालं, पूर्व-पश्चिम वाढलं, आणि दोन्ही चुका एकमेकींत बऱ्याचशा जिरून ११३९ चे ११३१ झाले. देशभराच्या नकाशावर पाव-अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ८ तारखेची तपासणीही फुकट गेली.

ही चूक आपल्या यादीत आहे का, हे दहा सेकंदांत कळतं. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक बघा. सगळ्या यादीत ते एकदाही ५९ च्या वर जात नसतील तर कला-विकला तशाच चिकटवल्या आहेत. आमच्या तीस आकड्यांत एकही साठाच्या वरचा नव्हता. पंधरा विमानतळांच्या खऱ्या दशांशांत असं होणं जवळपास अशक्य.

लंडनचं रेखांश पश्चिम आहे, म्हणून उणे. तेवढं मात्र पहिल्यापासून बरोबर होतं.

दुरुस्तीनंतरचे काही आकडे, ज्यांना आपलं पत्रक ताडून पाहायचं आहे त्यांच्यासाठी, गोलाच्या सूत्राने: मुंबई-पुणे १२४, मुंबई-दाबोळी ४२५, मुंबई-नागपूर ६८३, मुंबई-दिल्ली ११३९, मुंबई-कोलकाता १६६६, मुंबई-दुबई १९२६, मुंबई-हीथ्रो ७२१३ किमी.

१६ नोव्हेंबर, रविवार. २ तास.

वेळापत्रकातून सुटायची आणि पोहोचायची वेळ घेऊन त्यांची वजाबाकी. तीन खड्डे.

मध्यरात्र ओलांडली की उत्तर उणे येतं. पत्रकात एक दिवस म्हणजे १, म्हणून मॉड फंक्शनने १ ने भागून शेष घेतला की सुटतं. (पोहोच − सुटका) हा आकडा उणे असला तरी मॉड त्यात एक दिवस मिळवून देतं. प्रवास चोवीस तासांच्या आतला असेल तरच हे चालतं.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा विमान मुंबईहून १०:०० ला सुटून दुबईला तिथल्या ११:४५ ला पोहोचलं. नुसती वजाबाकी पावणेदोन तास सांगते, खरा वेळ सव्वातीन. परत येताना १३:०० ते १७:२५, दिसायला ४ तास २५, खरे २ तास ५५. सूत्र: पोहोच − सुटका + (सुटतो तिथला फरक − पोहोचतो तिथला फरक) ÷ २४, आणि त्यावर मॉड. फरक म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या किती तास पुढे: भारत ५.५, दुबई ४, लंडन हिवाळ्यात ०.

तिसरा खड्डा यातच. भारताचा साडेपाच तासांचा फरक आम्ही ५.३० लिहिला होता. पत्रकासाठी ते ५ तास १८ मिनिटं. दुबई आणि लंडनच्या प्रत्येक ओळीत बारा मिनिटांची खोट, जाताना एका दिशेला, येताना उलट. जाता-येताची सरासरी काढली तर ती नाहीशीही होते, त्यामुळे सरासरी पाहून सापडत नाही.

एका संकेतस्थळावरून घेतलेल्या नोंदींत सुटायची वेळ जागतिक प्रमाणवेळेत आणि पोहोचायची भारतीय वेळेत होती. सगळी उड्डाणं साडेपाच तासांनी लांबलेली दिसल्यावर ते लगेच उमगलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. ६ तास.

ती पन्नास मिनिटं.

वेळापत्रकातला वेळ चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून दुसरीकडे ठोकळे लागेपर्यंतचा असतो. विमान कंपन्या त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेतला वेळ त्याचा एक भाग. मुंबईत गेटवरून मागे ढकलणं, टॅक्सी म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं, धावपट्टीच्या तोंडाशी रांग, यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी खऱ्या अर्थाने एकच चालते, आणि रांग लागणारच.

मग वळसा. मुंबईत वर्षातला बराच काळ २७ क्रमांकाची दिशा चालू असते, म्हणजे उड्डाण आणि उतरणं दोन्ही पश्चिमेकडे तोंड करून. दिल्लीला निघालेलं विमान आधी जुहूच्या समुद्रावर जातं, मग उत्तरेला वळतं. दिल्लीहून आलेलं विमान उत्तरेकडून येऊन थेट उतरू शकत नाही. त्याला शहराच्या पूर्वेला जाऊन, वळून, घाटकोपर-कुर्ल्यावरून यावं लागतं. नकाशावरच्या सरळ रेषेत यातलं काहीच नाही.

चढ-उताराचाही हिशेब आहे. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट. उतरताना ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३५,००० फुटांवरून १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किमी आधी उतार सुरू. चढतानाही साधारण तेवढंच अंतर जातं. मुंबई-दाबोळी ४२५ किमी. चढ संपतो न संपतो तोच उतार. ८३० चा वेग तिथे क्वचितच लागतो, आणि ४२५ भागिले ८३० करून ३१ मिनिटं म्हणणं फोल. वेळापत्रकात सव्वा तास ते एक-पंचवीस असतात.

शेवटचा भाग म्हणजे राखून ठेवलेला वेळ. उशीर झाला तरी विमान वेळेत पोहोचलेलं दिसावं म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील देतात. म्हणून वैमानिक कधी कधी ‘वीस मिनिटं लवकर पोहोचलो’ असं सांगतो.

हे सगळं स्वतंत्र मोजण्यात अर्थ नाही. वेळापत्रकातली अंतरं आणि मिनिटं दोन रकान्यांत घेतली, स्लोप आणि इंटरसेप्ट फंक्शन लावली: पहिलं दर किमीला किती मिनिटं वाढतात ते सांगतं, दुसरं अंतर कितीही असलं तरी लागणारी ठरलेली मिनिटं. (स्लोपला आधी मिनिटं द्या, मग अंतर. उलट दिलं की दर किमीला लागणाऱ्या मिनिटांऐवजी दर मिनिटाला कापलेले किमी मिळतात. यात अर्धा तास गेला.) निघालेलं सूत्र गोळाबेरीज करून:

५० मिनिटं + दर १०० किमीला ७ मिनिटं

दाबोळी ८० मिनिटं, नागपूर ९८, दिल्ली १३०, कोलकाता १६७, दुबई १८५. देशातल्या जेट उड्डाणांना हे पाच-सात मिनिटांच्या आत बसतं. तोंडीही करता येतं, हा त्याचा खरा गुण. ‘अर्धा तास अधिक ताशी ८०० किमी’ असं प्रचलित सूत्र आहे. ते मुंबई-दिल्लीला १ तास ५५ देतं. हवेतल्या वेळेला ते जवळ आहे, गेट ते गेटसाठी कमी पडतं.

पंख्याच्या एटीआर विमानाला हे सूत्र चालत नाही. त्याचा वेग ताशी ५१० किमीच्या आसपास, उंची कमी, चढ-उतार छोटा. आम्ही ३० मिनिटं अधिक ताशी ५०० असं धरलं. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किमी: एटीआरने ८३ मिनिटं, जेट सूत्राने ८१. दोन मिनिटांचाच फरक पाहून एटीआरचा वेगळा रकाना काढून टाकणार होतो. पण मग ८०० किमीची जोडी घालून पाहिली: एटीआर १२६, जेट १०६. रकाना राहिला.

प्रत्यक्ष वेळांच्या नोंदीही घेत होतो, ६ नोव्हेंबरपासून. त्यातले दोन दिवस काढून टाकावे लागले. ७ तारखेला दिल्लीत हवाई वाहतूक नियंत्रणाची संदेश यंत्रणा बिघडून शेकडो विमानं रखडली. २० तारखेला पावसाळ्यानंतरच्या डागडुजीसाठी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. असे दिवस सरासरीला ओढून नेतात. म्हणून सरासरी सोडून मध्यक घेतला, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी, मीडियन फंक्शन. पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवसापासून मध्यकच.

२३ नोव्हेंबर, रविवार. अडीच तास.

जाता-येता एकच वेळ छापणार होतो. कोलकात्याने तेही मोडलं. मुंबईहून कोलकात्याला २ तास ४० च्या आसपास, परत यायला तीन तासांना टेकलेलं. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना पाठीवर, येताना तोंडावर.

हिशेब करून पाहिला. १६६६ किमी, वारा नसताना ८३० ने हवेत १२० मिनिटं. पाठीवर १०० चा वारा: १०८. तोंडावर १००: १३७. मिळवणी २४५, बिनवाऱ्याची २४१. जाताना वाचलेलं येताना पूर्ण फिटत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. म्हणून ‘वारा दोन्हीकडून सारखाच’ म्हणून सोडता येत नाही.

तक्ता १०५ ऐवजी २१० चौकोनांचा झाला. पूर्वेकडे जाणाऱ्याला दर १०० किमीला ६.५ मिनिटं, पश्चिमेकडे ७.५, उत्तर-दक्षिण ७. हे फक्त हिवाळी वेळापत्रकासाठी. पावसाळ्यात दख्खनवर वरचा वारा उलटा, पूर्वेकडून असतो. हे आकडे तेव्हा वापरू नका.

वाऱ्याचं टोकाचं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजाराहून जास्त किमीने वाढलं, वेळ कमी झाला, कारण वारा पाठीवर आला. अंतराच्या तक्त्यावरून कोणतं विमान आधी पोहोचेल हे सांगायची कुणी पैज लावली तर घेऊ नका.

२९ नोव्हेंबर, शनिवार. ३ तास.

लंडन. सूत्राने मुंबई-हीथ्रो ५५५ मिनिटं, ९ तास १५. वेळापत्रकात एकाच दिवसाच्या दोन विमानांना वेगवेगळे वेळ. आधी वाटलं नोंद चुकली. कारण वेगळं आहे: २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद आहे, ब्रिटिश कंपनीच्या विमानाला नाही. तीच जोडी, तीच दिशा, विमान कुणाचं यावर रस्ता ठरतो.

सरळ रेषेचं अंतर इथे निकामी. वाटेवरचा एक बिंदू धरून दोन तुकडे केले. मस्कतवरून गेलं असं धरलं तर मुंबई-मस्कत १५९० आणि मस्कत-हीथ्रो ५८३४, मिळून ७४२४. सरळ ७२१३. वळसा २११ किमी, म्हणजे पंधरा मिनिटं. हा खरा रस्ता नव्हे, तो रोज बदलतो, पण फरकाचा अंदाज येतो. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना याची झळ जास्त, कारण त्यांची सरळ वाट थेट पाकिस्तानवरून होती.

तक्त्यात लंडनच्या चौकोनात एक आकडा न घालता ‘९ ते १०½ तास, कंपनीनुसार’ असं लिहिलं. विमानच नसलेल्या जोड्याही आज कोऱ्या केल्या. कोल्हापूर-लंडन एटीआरने पंधरा तास असा चौकोन दोन आठवडे पत्रकात होता आणि कुणाच्या लक्षात आला नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार. १ तास.

नवी प्रत काढली, या वेळी एकच आणि लॅमिनेशनशिवाय. एकूण ३२ तास. निव्वळ काम तेरा-चौदा तासांचं होतं.

पुढचा बदल २९ मार्च २०२६ ला. त्या दिवशी लंडनचं घड्याळ तासाने पुढे जाईल आणि उन्हाळी वेळापत्रक सुरू होईल. पत्रकात लंडनचा फरक ० चा १ करायचा, पूर्व-पश्चिमेचे ६.५ आणि ७.५ काढून दोन्हीकडे ७ घालायचे, आणि नव्या वेळापत्रकातून स्लोप-इंटरसेप्ट पुन्हा काढायचे. नवी मुंबईची ओळ मोकळीच आहे. तिचे अक्षांश-रेखांश भरताना दशांशानंतरचे दोन अंक बघून घ्यावेत.